सत्तरीपुढच्यांसाठी व्यायामाचं मासिक

तीर्थरूप मामांच्या दोन्ही गुडघ्यांस (नव्या उजव्याला जरा जास्त) भाचीचा सादर नमस्कार.

मामींचा खोकला आता कमी असेल. इकडे सर्व क्षेम असून तुमच्या भाचीने मैदान मारलं आहे. आमच्याकडे सत्तरी ओलांडलेल्यांसाठी व्यायामाचं मासिक काढायचं ठरलं आणि पानांची मांडणी माझ्या गळ्यात पडली. संपादकबाईंनी आधीच बजावलं होतं, की नमुना अंक वाचकांना आवडला तरच नोकरीचं बघू, नाहीतर नारळ. छायाचित्रकाराने पंचविशीतल्या पहिलवानांचे फोटो आणले होते, ते मी परत पाठवले (पहिलवान रागावले असतील). अक्षर चांगलं ठसठशीत केलं, आणि तिथेच घोडं पेंड खातं. अक्षर वाढल्यावर मजकूर पुढे सरकला. ‘जमिनीवर बसा, दोन्ही हातांनी पावलं घट्ट धरा’ हे पानाच्या तळाशी राहिलं आणि ‘आता सोडा व असे उठा’ हे पान उलटल्यावर. मला याचा पत्ताच नाही.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत बारा जणांना अंक वाटले आणि चहाचं बघून परत येते तो काय, बाराही जण पावलं धरून बसलेले. सोडा असं लिहिलेलं नाही म्हणून सोडेनात (आज्ञाधारक पिढी हो तुमची). संपादकबाईंचा चेहरा पाहून मी मनातल्या मनात टेबलाचा खण आवरायला घेतला. शेवटी एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी धीर करून एक हात सोडला आणि शेजारच्या दंतवैद्यांचं पान उलटलं, त्यांनी पुढच्याचं. मग एकमेकांना हात देत, हसत हसत सगळे उठले. इतकं हसून वर्ष झालं, असं दंतवैद्य म्हणाले. पान असंच ठेवा, हा सर्वांचा हुकूम. आता मुखपृष्ठावर ‘जोडीने करायचे व्यायाम’ असं छापलंय आणि ही कल्पना आपलीच, असं संपादकबाई सांगत फिरतात. मामा, मला फार आनंद झालाय.

अंक सोबत पाठवते आहे.

तुमची विजयी भाची

ता. क. नोकरी कायम झाली असं मी कुठेही लिहिलेलं नाही, हे तुमच्या नजरेतून सुटलं नसेलच. वाचकांची पत्रं आली तर होईल. तेव्हा एक पत्र धाडा (नातं तेवढं लपवा).

आणखी एक. शस्त्रक्रियेनंतर तुम्ही उंबरठा ओलांडला नाही, असं मामींनी कळवलंय. जमिनीवर बसायचं पान तुम्ही सोडून द्या, पण डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ना? प्रत्येक पान लावताना मी तुमचाच फोटो समोर ठेवला होता. अंकाला नावं ठेवलीत तरी चालेल. फक्त पत्र टाकायला मामींना पाठवू नका, टपालपेटीपर्यंत स्वतः जा.