खास बदामी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (फार वाकलो नाही, खोकला येतो). तुझी पाठ कशी आहे? मी धाडलेल्या आरामखुर्चीनं काही उतार पडला का? आणि नातवाचा खोकला? पोरगं अजून त्या खुर्चीतच लोळत अभ्यास करतं ना? विनंती विशेष एक आहे, पण ती शेवटी लिहीन, धीर झाला तर.

सिगारेट सोडून मला वर्ष झालं, हे मी तुला दर पत्रात कळवतोच. तर मागच्या महिन्यात लेक आली, सात महिन्यांच्या नातीला घेऊन. नात आता रांगते आणि वाटेत येईल ते चाटते. गादीचा कोपरा चाटला, पडदा चघळला, शेवटी भिंतीला जीभ लावली, तशी लेकीनं झडप घालून तिला उचललं. म्हणाली, "बाबा, तुम्ही सोडलीत, पण खोलीनं कुठे सोडलीय?" डॉक्टरांनी तिला बजावलं होतं म्हणे, की धूर खिडकीतून गेला असं आपल्याला वाटतं, पण त्यातलं विष पडद्यांत, गाद्यांत, भिंतींवर, धुळीत महिनोन्महिने ठाण मांडून बसतं आणि रांगती पोरं ते हातानं थेट तोंडात नेतात. खोली नीट होईपर्यंत बाळाला आणणार नाही, असं सांगून ती जेवायच्या आधीच निघाली. मला राग आला. तुझ्यापासून काय लपवू, मग रडूही आलं.

दुसऱ्या दिवशी कंबर कसली. पडदे भिजवले तर बादलीत चहा झाला. (तुझी भावजय बादलीकडे बघून चहाची गाळणी घेऊन आली. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.) मग भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, तर मागे पांढराशुभ्र गोल! आमच्या बैठकीचा बदामी रंग आठवतो ना? रंगारी म्हणून माझं सगळं नाव त्या रंगावर. गिऱ्हाइकांना घरी आणून दाखवायचो, अकरा घरांना अगदी तस्सा मिसळून दिला. ताई, तो रंग मी लावलेलाच नव्हता. मी लावला होता पांढरा. बदामी केला माझ्या सिगारेटींनी. भावजय म्हणते तिला पहिल्यापासून माहीत होतं, पण धंद्याचा प्रश्न होता.

लाजेपायी भिंत न धुताच वर पांढरा हात मारला (हाताखालच्या माणसाला मी असं कधी करू दिलं नसतं). चार दिवसांत खास बदामी पुन्हा वर आला. शेवटी साबणाच्या पाण्यानं भिंती घासल्या, खरवडल्या, नव्यानं पांढऱ्या केल्या, गाद्या-पडदे फेकले. काल लेक येऊन कोपरान् कोपरा हुंगून गेली. रविवारी बाळाला आणतेय.

घरच्या सगळ्यांना आठवण सांग.

तुझा,
पांढऱ्या खोलीतला भाऊ

ता. क. विनंती राहिली. सगळ्यात जास्त धूर प्यालेली वस्तू फेकायला शोधत होतो, ती सापडेना. मग आठवलं, ती मी तुला प्रेमानं धाडली. नातवाचा खोकला खुर्चीमुळेच असं मी म्हणत नाही. पण ताई, ती आजच बाहेर काढ. माझं चुकलं.

ता. ता. क. जाळू नकोस. पुन्हा धूर नको.

आणखी एक. हा कागद त्याच खोलीतल्या जुन्या वहीतला आहे, हे आत्ता लक्षात आलं. वाचून झालं की हात धू आणि मगच नातवाला जवळ घे. मीही रविवारी तेच करणार आहे.