चंद्रज्योतीचा उजेड किती पडतो

मी सिद्धेश्वर माणिकप्पा हिंगमिरे, वय तेवीस, धंदा शोभेच्या दारूचा, राहणार मौजे तेरखेडा, जिल्हा उस्मानाबाद, आज शनिवारी पोटभर जेवून, डोकं ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र लिहायला बसलोय. कुणी धाक घातलेला नाही, कुणी गोडही बोललेलं नाही. तब्येत ठणठणीत आहे. मागून कुणी म्हणू नये की पोराला ताप होता.

शाळा हैदराबादला इंग्रजीतून झाली. त्यामुळं माझं मराठी घरात बोलतो तेवढंच. इथल्या शाळेतल्या विष्णुपंत गुरुजींना कच्चा कागद दाखवला. "ही भाषा कोर्टाची नाही, कट्ट्यावरची आहे," म्हणाले. दुरुस्त करून देता का विचारलं, तर म्हणाले, "नको. तूच बोलतोयस हे तरी कळेल."

तेविसाव्या वर्षी मृत्युपत्र कशाला, तर तो आमच्या घरचा रिवाज आहे. आजोबांचे भाऊ दारू कुटताना गेले आणि मागं वाटणीवरून घरात जे सुरू झालं ते अजून नीट मिटलेलं नाही. तेव्हापासून दिवाळीचं काम लागायच्या आधी, कामाला बसणाऱ्या प्रत्येकानं वसियत करायची. वडलांची झाली, शिवप्पाकाकांची झाली. दोघांचं मिळून एक पान. माझी लांबणार. कारण मला उद्या दिवस मावळल्यावर शेजारच्या गावच्या वेशीत जायचंय. बब्रुवानला जिथं मारलं, तिथं हातात पेटती चंद्रज्योत धरून उभं राहायचंय. तिथून परत आलो तर हा कागद पेटीत राहील.

कलम १. सायकल. ही बलभीमला द्यायची ठरली होती. बलभीम त्याच शेजारच्या गावचा, त्या खुनातल्या आरोपींच्या भावकीतला, आणि लहानपणापासूनचा माझा दोस्त. पण त्याला देत नाही. कारण खाली येईल. सायकल बहीण लीला हिला. आई म्हणेल, पोरगी सायकलवर बसली तर लोक काय म्हणतील. आई, लोक काय म्हणतात हेच मी महिनाभर विचारत फिरलोय. लोक काहीही म्हणतात. तिला चालवू दे.

कलम २. शिवप्पाकाकांना माझे रबरी हातमोजे. काका चारचौघांत म्हणाले होते, "इंग्रजी शिकून पोरगं भिजल्या वातीवानी झालंय, पेटंना आन् विझंना." राग आहेच. पण उजव्या हाताची दोन बोटं त्यांनी या धंद्याला दिली आहेत, उरलेली राहावीत म्हणून मोजे.

कलम ३. काचेच्या नळ्या, छोटा तराजू आणि तांब्याच्या क्षारांच्या बाटल्या. या कुणालाच देत नाही. वडलांनी खड्डा करून पुराव्यात. यांच्यातनं मी निळा रंग काढायला निघालो होतो.

इथं बब्रुवानबद्दल लिहिलं पाहिजे. तो त्याच शेजारच्या गावचा, आमच्या कारखान्यात कागदाच्या नळ्या वळायचा. त्याच्या हातची नळी वेळूसारखी घट्ट. त्याची वस्ती बौद्ध झाली, त्यानं गावची मेलेली ढोरं ओढणं सोडलं, आणि गावानं त्याच्याशी बोलणं सोडलं. यंदा एप्रिलात जयंतीची मिरवणूक वेशीतून न्यायची असं वस्तीनं ठरवलं. बब्रुवान मला म्हणाला, "शेट, एवढं शिकून आलाव, मिरवणुकीला निळी चंद्रज्योत करून द्या की."

चंद्रज्योत म्हणजे हातात धरायची जाड नळी. फुटत नाही, उडत नाही, नुसती जळते आणि उजेड देते. निळा रंग मात्र या धंद्यातला सगळ्यात हट्टी. जरा आच वाढली की पळून जातो. आम्ही दोघांनी मिळून दोन केल्या. उरलेला मसाला परसात पेटवून बघितला तर निळ्याचा पत्ता नाही, पांढरा फक्क. मला इतकं वाईट वाटलं की जेवलो नाही. बब्रुवान हसला. म्हणाला, "असू द्या शेट. पांढऱ्यात आमची तोंडं तरी दिसतील."

एक तो घेऊन गेला. एक माझ्या पत्र्याच्या डब्यात राहिली.

चौदा एप्रिलला मिरवणूक वेशीत आली तेव्हा पहिल्या धोंड्यानं ग्यासबत्ती फोडली. बब्रुवाननं चंद्रज्योत पेटवली. तिच्या उजेडात काठ्या चालल्या. दवाखान्याच्या वाटेवर तो गेला. त्या गावच्या बाबूरावअण्णांचे दोन पुतणे आरोपी झाले. वस्तीतल्या लोकांनी कोर्टात दोघांची नावं घेतली. आरोपींचा वकील म्हणाला, ही दुष्मनीची साक्ष. अमावास्या तोंडावर होती, अंधार होता. चंद्रज्योतीबद्दल म्हणाला, "ते पोरांचं दिवाळीतलं खेळणं. डोळे दिपतात, दिसत काही नाही." गावातला, वस्तीबाहेरचा साक्षीदार एकच होता, बलभीम. तो वेशीसमोरच्या मारुतीच्या पारावर उभा होता. त्यानं सांगितलं, "अंधार व्हता. कोण कोण व्हतं ते वळखलं न्हाय."

परवा सोमवारी फैसला आहे. सुटणार, असं सगळे म्हणतात.

कलम ४. माझी घरची बसायची खुर्ची महांतप्पांच्या हॉटेलला. मोटार स्टँडवरच्या त्यांच्या हॉटेलात बसूनच मी लोकांना विचारत होतो, सुटले तर काय करणार? मला खरंच जाणून घ्यायचं होतं. एक म्हणाला गुलाल आणणार. एक म्हणाला, "सुटले तर कोर्ट चांगलं, अडकले तर कोर्ट विकलेलं." वस्तीतला एक जण चहा न पिताच उभा होता. तो म्हणाला, "आमी काय करणार? दारं लावून घेणार." सगळ्यात सरळ उत्तर महांतप्पांचं. "सुटले तरी लोक येणार, अडकले तरी येणार. च्या दोन्हीकडं लागतो." शिवाय गेल्या महिन्यापासून ते म्हणतायत की मी खुर्ची अडवून बसतो. आता त्यांनी बसावं.

विष्णुपंत गुरुजींनाही विचारलं होतं. "निकालाआधी बोलू नये," म्हणाले, आणि मग चहा थंड होईपर्यंत बोलले. त्यांना माझी सगळी पुस्तकं. या मृत्युपत्राचा अंमल त्यांनीच करावा.

कलम ५. दुकानातली ऑर्डर. हे कलम वडलांसाठी आहे, त्यांनी नीट वाचावं.

गेल्या बाजारच्या दिवशी बाबूरावअण्णा दुकानात आले. पायावर पाय टाकून बसले. "सुटका धरूनच चला माणिकप्पा. सोमवारी सांजच्याला मिरवणूक. तोफा द्या, बाण द्या, आन् चंद्रज्योती दोन डझन."

वडील म्हणाले, "एवढ्या चंद्रज्योती कशाला अण्णा? ग्यासबत्त्या असतीलच की."

"ग्यासबत्तीनं काय व्हतंय? पोरं घोड्यावर बसणार. त्यांची तोंडं दिसली पाहिजेत लोकांना."

मी वजन करत होतो. तराजू तसाच हातात राहिला. मी विचारलं, "अण्णा, किती लांबून दिसली पाहिजेत?"

"वेशीत पेटवली की पारावरनं दिसावं," ते म्हणाले. "माझ्या लेकाच्या लग्नात दिसलं व्हतं की. तुमचाच माल व्हता."

मी वडलांकडं बघितलं. ते पावती लिहीत होते. अण्णा गेल्यावर मी म्हणालो, ऐकलंत का? ते म्हणाले, "माल बघ. गिऱ्हाईक बघू नको."

मग मी सायकल काढली आणि उस्मानाबादला सरकारी वकिलांकडं गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "साक्षी संपल्या. निकाल व्हायच्या आत जज्जसाहेबांना वाटलं तर जुना साक्षीदार परत बोलावता येतो. पण त्यानं स्वतः येऊन म्हणायला पाहिजे, मला आणखी सांगायचंय. अण्णा दुकानात काय बोलले त्याला कोर्टात किंमत नाही. आणि चंद्रज्योत काही साक्ष देत नाही."

आता उजेड किती पडतो, हे मलाही ठाऊक नाही. धूर किती होतो, डोळे दिपतात का, वाऱ्यानं ज्योत वाकली तर काय, हे घरच्या परसात कळत नाही. साधी चंद्रज्योत पेटवून लीलाला भिंतीपाशी उभं केलं, तर तिच्या वेणीतली रिबीन मोजून घ्यावी इतकी दिसली. पण परस म्हणजे वेस नाही, आणि साधी म्हणजे ती नाही. त्या हातची, त्या मसाल्याची एकच उरली आहे. एकदाच पेटेल. उद्या अमावास्या तोंडावर आहे, चंद्र नाही, एप्रिलात नव्हता तसाच. गुरुजी पारावर उभे राहतील. त्यांचे काही जुने विद्यार्थी वेशीत येतील, कोण ते गुरुजींना सांगितलेलं नाही. गुरुजींनी पारावरून ओळखून नावं घ्यायची. गुरुजींना जाड चष्मा आहे, म्हणजे त्यांना दिसलं तर कुणालाही दिसेल. आणि नाही दिसलं तर तेही मी लपवणार नाही. बाबूरावअण्णांच्या दारात जाऊन सांगेन की तुमचा वकील बरोबर होता.

त्या गावाला हे कळलंय. काल कारखान्याच्या फाटकावर कुणीतरी काठी टेकवून ठेवली होती. नवी, तेल लावलेली.

वडलांना सांगणं एवढंच की मी राहिलो न राहिलो तरी ऑर्डर रद्द करू नका. इसार घेतलाय, माल चोख द्या. चंद्रज्योतीत एकही फुसकी निघू नये. सोमवारी मिरवणूक निघालीच, तर बघायला जमलेल्या लोकांना माझी एक विनंती आहे. ज्योत पेटली की घोड्याकडं बघू नका. शेजारी उभा असेल त्याच्या तोंडाकडं बघा. ओळखू आलं तर घरी जाऊन विचार करा.

कलम ६. बब्रुवानची नळ्या वळायची लोखंडी सळई माझ्याकडं आहे. ती त्याची आई कस्तुराबाई यांची. द्यायला गेलो तर म्हणाल्या, "ठिव तुझ्यापाशीच. मी काय वळणार?" म्हणून मृत्युपत्रात लिहितो, म्हणजे घ्यावीच लागेल.

उद्याचं त्यांना विचारल्याशिवाय करणं बरोबर नव्हतं. मी म्हणालो, "मावशी, तुम्ही नको म्हटलं तर नाही करत."

त्यांनी विचारलं, "त्यानं काय व्हईल?"

"कदाचित काहीच नाही."

"मंग करतोयस कशाला?"

"दिसतं का नाही, ते बघायचंय."

त्यांनी सुपातली ज्वारी पाखडून घेतली. मग म्हणाल्या, "मी त्या टायमाला घरात व्हते. त्याचं तोंड कसं दिसत व्हतं त्या उजेडात, ते मला कुणी सांगितलंच न्हाय. समदे काठ्यांचंच सांगत्यात." ज्योत वस्तीतल्या कुणीतरी धरावी असं मी सुचवलं. त्यांनी मला खालून वरपर्यंत बघितलं. "माझ्या लेकाच्या उंचीचा तूच हाईस. तू धर."

उद्या त्या पारावर गुरुजींच्या शेजारी उभ्या राहणार आहेत.

कलम ७. बलभीम. त्याला या मृत्युपत्रान्वये काहीही देत नाही. सायकल नाही, घड्याळ नाही, काडीपेटीसुद्धा नाही. हे रागानं नाही. तो शेतात भुईमूग उपटत होता तेव्हा मी गेलो होतो.

"बलभ्या, सुटले तर काय करणार?"

"जेवीन. गावजेवण हाय."

"आणि अडकले तर?"

"तरी घरी जेवीनच की. तू काय उपाशी मरतोस व्हय?"

मग मी विचारलं, दिसलं होतं का? त्यानं वेलाची माती झाडली, शेंगा बघितल्या, ढिगावर टाकला, दुसरा उपटला. खाली बघूनच म्हणाला, "तू हैदराबादचा. तुला परत जाता येतंय. मला ह्याच वेशीतनं रोज बैलं न्यायची हायती."

हे खोटं नाही. मी एवढंच म्हणालो की वसियतीला साक्षीदार लागतो, सही करायला ये.

"कशाची साक्ष?"

"मी सही करताना बघायचं. आणि बघितलं म्हणून लिहायचं. बास."

तो परत वेल उपटायला लागला. गुरुजी म्हणतात, ज्यानं साक्ष द्यायची त्यानं त्याच कागदातून काही घेऊ नये. आरोपींच्या घरी या सहा महिन्यांत कोण कोण जेवून आलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून बलभीमला माझ्याकडून काही नाही. त्याची पाटी कोरी राहावी, एवढंच मी त्याला देऊ शकतो.

महांतप्पा सही करायला तयार आहेत; गुरुजींचा नियम मोडू नये म्हणून त्यांची खुर्ची कागदातून नाही, आजच देऊन टाकतो. दुसऱ्या साक्षीदाराची जागा दिवे लागेपर्यंत मोकळी ठेवतो. तोवर बलभीम आला नाही, तर हॉटेलातला आचारी अंगठा देईल.

यात लिहिलेलं सगळं माझ्या मनानं लिहिलं आहे. याआधीची वसियत, जिच्यात मी सायकल बलभीमला दिली होती, ती रद्द समजावी.

मुक्काम तेरखेडा, ता. ७ ऑक्टोबर १९६१.

सही: सिद्धेश्वर माणिकप्पा हिंगमिरे

साक्षीदार १. सिद्धेश्वरनं माझ्यासमोर सही केली. कागद वाचलेला नाही, हॉटेलात गिऱ्हाईक खोळंबलंय. खुर्ची आजच नेतो.
सही: महांतप्पा

साक्षीदार २. सिद्धेश्वरनं सही केली ती मी बघितली. दिवस मावळला होता. कंदील त्याच्यापाशी होता, मी लांब दारात उभा होतो. तेवढ्या उजेडात त्याचं तोंड वळखलं. सगळा कागद वाचला. उद्या वेशीत येतो. सोमवारी उस्मानाबादला जायला पहिली मोटार कितीला असती ते महांतप्पाला विचारून ठेव.
सही: बलभीम