सरोवरापर्यंतची मटाटू

सोमवार, ३ जून

हरले. आमचा प्रमुख चेरुयोट, त्याने आज सगळ्या ऑफिससमोर सांगून टाकलं – आपल्या व्हिडिओ गेममध्ये नकाशावर बोट ठेवलं की खेळाडू थेट तिथे! तेही खेळाच्या पहिल्या तासापासून. मग माझ्या मटाटूत, त्या खच्चून भरलेल्या प्रवासी गाडीत, बसणार कोण? शहरापासून सरोवरापर्यंत बावीस मिनिटांचा रस्ता, अकरा थांबे, गाडीतली माणसं, त्यांच्या गप्पा. खेळाची अर्धी कथा त्या गप्पांत आहे. तीन वर्षं घातलीत मी त्यात.

"मुथोनी, लोक खेळायला येतात गं, बसून राहायला नाही," म्हणे. स्वतः रोज दीड तास न्गोंग रोडवर अडकून येतो, आणि हा सांगणार!

मंगळवार, ४ जून

आज त्याने आकडे फेकले तोंडावर. बाहेरच्या चाळीस जणांना खेळ खेळायला दिला होता. सदतीस जणांनी मधेच नकाशा उघडून गाडी सोडली. सरोवरापर्यंत पोचले फक्त तिघे.

"लोकांना धीरच उरला नाही, त्याला माझी गाडी काय करणार?" मी म्हटलं.

"लोक तेच आहेत. गाडी कंटाळवाणी आहे."

हातातली तळलेली मंदाझी तशीच टाकून उठले. भूक मेली होती.

शुक्रवार, ७ जून

मुसेम्बीकाकांना कोण सांगणार? एकतीस वर्षं नाकुरूच्या मटाटूवर कंडक्टर होते. खेळातल्या कंडक्टरचा आवाज त्यांचाच. तीन आठवडे आमच्या कोंदट खोलीत उभं राहून ओरडले – बसून आवाज निघत नाही म्हणाले! मी लिहून दिलेलं एक वाक्य बोलतील तर शपथ. "आई, कोंबडी मांडीवर घ्या, सीट माणसांसाठी आहे!" असलं सगळं त्यांचं स्वतःचं, आणि माझ्यापेक्षा कितीतरी सरस.

गावभर सांगून बसलेत, आता माझा आवाज साऱ्या जगात ऐकू येणार म्हणून.

सोमवार, १० जून

चेरुयोटशी बोलणं बंद.

बुधवार, १२ जून

मटाटू पूर्णच काढली. गाड्या रस्त्यावर नुसत्या पळतील, आत बसता येणार नाही. जुलैत खेळ बाजारात जाणार, आता यात बदल नाही. सही झाली.

मारा उड्या! फिरा नकाशावर बोटं नाचवत! मग एवढं जग उभं करायचंच कशाला, ठिकाणांची यादी द्यायची हातात.

गुरुवार, १३ जून

काकांना बोलावून घेतलं. म्हटलं, एकदा तरी बसू देत त्यांना. खेळाची जुनी प्रत लावून दिली आणि मी – भेकड! – कामाचं निमित्त करून बाहेर पळाले. परत आले तर खुर्चीत ताठ बसलेले. सरोवरापर्यंत जाऊन आले होते. मग सांगितलं, ही गाडी काढून टाकली म्हणून.

काका खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "तुमचं तुम्ही बघा, पोरी. पण दूध डेअरीच्या पुढे मी गप्प का? कंडक्टर गप्प झाला की माणसांना वाटतं गाडी बिघडली. उतरायला लागतात."

"डुलकी लागली असेल काका तुम्हाला."

"मला? गाडीत?"

जाताना हात मिळवला नाही. मुसेम्बीकाकांनी! रस्त्यातल्या अनोळखी माणसाचाही हात हातात घेऊन बोलणारा माणूस. फार लागलं.

शुक्रवार, १४ जून

आज स्वतः बसले. पहिल्या थांब्यापासून. चौदाव्या मिनिटाला डेअरी मागे पडली आणि गाडी मुकी झाली. काका गप्प, बायका गप्प, नुसती इंजिनाची घरघर. थेट पुढच्या थांब्यावर जाऊन चढलं तर सगळे बोलतात. सुरुवातीपासून बसून आलं तर कोणीच नाही. आणि मी तपासताना नेहमी बटण दाबून थेटच जायचे! तीन वर्षांत बावीस मिनिटं सलग एकदाही बसले नाही.

मग त्या सदतीस जणांची यादी उघडली. कोणी कितव्या मिनिटाला गाडी सोडली ते त्यात आहे. पंधरा. पंधरा. सोळा. पंधरा. चौदाच्या आधी एकही उठला नव्हता.