दोन टिकल्यांच्या मधे

अण्णा,

तुमचा नातू गेला, हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. तुम्ही गेलात तेव्हा त्याचा जन्मही झाला नव्हता, त्यामुळे तुम्ही त्याला ओळखायचा प्रश्नच नाही. पण तो तुम्हाला ओळखायचा. दोन हिवाळ्यांपूर्वी टोरोंटोकडून घरी येताना हायवेवर बर्फात त्याची गाडी घसरली. विंटर टायर्स होते, वेगही बेताचा होता, असं पोलिसच म्हणाले. चूक कुणाचीच नव्हती. कुणाची असती तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळ दिवस वाटायचं. निदान भांडायला कुणीतरी मिळालं असतं. चोवीस वर्षांचा होता हो. उंची तुमची घेतली होती, आणि रागावला की तुमच्यासारखाच गप्प बसायचा. आजच हे सगळं का लिहायला बसलो म्हणाल, तर आज सकाळी मी त्याची एक वस्तू पोलिसांच्या हवाली केली.

तो तुम्हाला कसा ओळखायचा ते आधी सांगतो. आम्ही कॅनडात, केंब्रिजला राहतो. मी गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात आहे, तुमची सून एका डेंटिस्टकडे ऑफिस सांभाळते. पोरगा सोळाचा झाला आणि बोलायचा थांबला. मी मराठीत काही विचारावं, त्याने ‘फाइन’ म्हणावं आणि जिना उतरून बेसमेंटमध्ये जावं. एकदा जेवताना सून सहज म्हणाली, की आमचे सासरे काडतुसांच्या कारखान्यात होते. त्याने फोनमधून मान वर काढली. “वेट. युअर डॅड मेड बुलेट्स?” मी म्हटलं, करायचे नाहीत, तपासायचे. झाडून बघायचे. मग त्याला तुमच्या कानांबद्दल सांगितलं. डावा तर पार गेलेला, उजवा अर्धामुर्धा. आई स्वयंपाकघरातून हाका मारमारून दमायची आणि शेवटी दारात उभी राहून झारा हलवायची, तेव्हा कुठे तुम्ही पेपर खाली ठेवायचात. हे ऐकून पोरगा इतका हसला, इतका हसला, की त्याला ठसका लागला. त्या दिवसापासून तो मला तुमच्याबद्दल विचारायला लागला. पुढे आम्ही दोघांनी मिळून बंदुकीच्या लायसन्सचा कोर्स केला, परीक्षा दिली आणि एक साधी पॉइंट टू टू रायफल घेतली. सून महिनाभर फुरंगटून होती. “घरात बंदूक? बापलेकांची डोकी फिरलीत का?” पण शनिवारी सकाळी आम्ही एकत्र बाहेर पडतो आणि येताना बोलत बोलत येतो, हे तिने पाहिलं. मग तीच डब्यात एक थालीपीठ जास्त टाकायला लागली.

रेंज गावाबाहेर आहे, मक्याच्या शेतांच्या पलीकडे. रायफलबरोबर आलेलं मॅगझिन छोटं होतं. थोड्या गोळ्या झाडल्या की थांबायचं, ते काढायचं आणि एकेक गोळी अंगठ्याने आत दाबून पुन्हा भरायचं. थंडीत बोटं बधिर व्हायची, वेळ लागायचा. तेवढ्या वेळात तो बोलायचा. मास्टर्स करायचं नाहीये, हे त्याने मला तिथे सांगितलं. एक मुलगी आवडते, रिचमंड हिलची आहे, गुजराती आहे, आईला इतक्यात सांगू नका, हेही तिथेच. मान खाली, डोळे गोळ्यांवर. घरी समोरासमोर बसून तो यातलं एक अक्षर बोलला नसता. मग त्याला नोकरी लागली, आणि पहिल्या पगारातून त्याने पंचवीस गोळ्यांचं मॅगझिन आणलं. लांब, काळं, केळ्यासारखं वाकलेलं. तेव्हा ते दुकानात राजरोस मिळायचं. आता भरायची कटकट नाही म्हणून भारी खूश. झाडायला लागला की नुसती तडतड तडतड तडतड, थांबणं म्हणून नाही, आणि संपलं की मान मागे टाकून हसायचा. मी कौतुकाने मान डोलवायचो.

तुम्ही मला टिकल्यांची पिस्तूल आणली होती ती आठवते का? आपल्या क्वार्टरच्या पायरीवर मी बसलोय, दिवाळीच्या सुट्ट्या लागल्यात, आणि माझं तोंड हे एवढं फुगलंय. कारण शेजारच्या पोराकडे रोलवाली पिस्तूल आहे. लाल कागदाची गुंडाळी आत घातली की घोडा दाबत सुटायचं, टपटपटपटप. आणि माझ्याकडे काय, तर सुट्या टिकल्यांची डबी. एक काढा, ठेवा, वाजवा, पुन्हा एक काढा. मी पिस्तूल अंगणात भिरकावली. तुम्ही कधी हात उगारला नाहीत. त्याही दिवशी उगारला नाहीत. उठलात, पिस्तूल उचलून आणलीत, तिची धूळ शर्टाला पुसलीत आणि माझ्याशेजारी बसलात. “रोल आपल्या घरात येणार नाही,” म्हणालात. “रड हवं तेवढं. एक वाजव. मग थांब. मधे कुणी हाक मारली तर ऐकू यायला पाहिजे की नाही? आई जेवायला बोलावते, ते ऐकू यायला पाहिजे की नाही?” मला वाटलं, फॅक्टरीत एवढा पगार, आणि पोराला साधा रोल आणवत नाही. दोन दिवस तुमच्याशी बोललो नाही. तुम्हाला ते कळलं की नाही कोण जाणे. तसंही तुम्हाला कमीच ऐकू यायचं.

खंडेनवमी मी इथेही सोडली नाही. तुमच्या फॅक्टरीत त्या दिवशी मशिनं पुसूनपासून झेंडूच्या माळा घालायचे आणि तुम्ही पेढ्यांचा पुडा घेऊन लवकर घरी यायचात. इथे आम्ही बेसमेंटमध्ये पाट मांडतो. माझा पान्यांचा डबा, व्हर्निअर, सुनेच्या सुऱ्या, पोराचा लॅपटॉप. रायफल घेतल्यावर तीही कुलूप लावून पाटावर आली. एरवी आरतीला बोलावलं की पाय ओढत येणारा हा पोरगा या एका सणाला स्वतःहून अंघोळ करून हजर. “धिस वन आय गेट,” म्हणायचा. त्या वर्षी त्याने नवं मॅगझिनही ठेवलं आणि ओल्या बोटाने त्याला कुंकू लावलं. एक टिकली पुरे होती. याने चांगला थरच थापला. मी म्हटलं, आता आज हात लावायचा नाही हं, पूजेतल्या हत्याराला आजचा दिवस सुट्टी. तो म्हणाला, “सो आजोबांनी वर्षातून एक दिवस गन्स बॅन केल्या होत्या?” आणि सुनेला डोळा मारला. त्या मॅगझिनला बाजूने बारीक खाचा आहेत, त्यात ते कुंकू बसलं ते कायमचं.

तो गेल्यावर नियम आला. जास्त गोळ्यांची, धडाधड झाडता येणारी मॅगझिनं बेकायदा. ठरलेल्या मुदतीत पोलिसांकडे जमा करा. क्लबमध्ये मीटिंग झाली. पत्र्याची शेड, मोठ्या थर्मासमधली पाणचट कॉफी, आणि माणसं नुसती पेटलेली. रेंज सांभाळणारा म्हातारा, कार प्लँटमधून रिटायर झालेला, आयुष्यात कुणाला ओरखडा काढला नसेल, पण चेहरा लालबुंद. तळ्यात फेकीन पण देणार नाही म्हणाला. मिल्टनहून आपला एक जण येतो, पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. तो माझ्या कानाशी लागला, “सर, लीगली घेतलं, बॅकग्राउंड चेक झाला, सेफ्टी कोर्स केला, आणि आता आपणच क्रिमिनल? गोळीबार करणारे काय लायसन्स काढून करतात का? हे अन्फेअर नाही का?” मागे एक हरणाची शिकार करणारी बाई बसली होती. ती म्हणाली, मला दोन गोळ्यांच्या वर कधी लागल्या नाहीत, ज्याला पंचवीस लागतात त्याने मटण दुकानातून आणावं. झालं, गलका. कुणी सरकारला शिव्या देतंय, कुणी तिला. कुणी म्हणतंय, ज्यांची माणसं असल्या गोळीबारात गेली त्यांना जाऊन विचारा. आणि तेवढ्यात म्हाताऱ्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. “तुझं काय मत?” त्याने विचारलं आणि विचारल्या विचारल्या तो ओशाळला. त्यांना सगळ्यांना माहीत होतं की आमचं मॅगझिन कुणाचं आहे. मी कॉफीचा कप खाली ठेवला आणि जॅकेट उचललं. निघताना म्हातारा गाडीपर्यंत आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, तुला नको असेल द्यायला तर माझ्याकडे दे, मी पुरून ठेवतो, कुणाच्या बापाला कळणार नाही. चांगला माणूस आहे हो तो.

खरं सांगतो, मी देणार नव्हतो. बेसमेंटमध्ये घर तापवणाऱ्या फर्नेसच्या मागे जागाही बघून ठेवली होती. पोराची खोली आवरून झालेली, कपडे देऊन टाकलेले, गाडी तर मोडीत. त्याने स्वतः हौसेने घेतलेलं, त्याच्या बोटाचं कुंकू लागलेलं, असं एवढंच उरलेलं. ते नेऊन सरकारला द्यायचं? का म्हणून? कायद्याला माझा पोरगा माहीत होता का? सून म्हणाली, “घरात बेकायदा वस्तू ठेवून त्याच्या नावाला बट्टा लावू नका.” मी तिच्यावर खेकसलो. ती रडली. मग दोघंही रडलो.

माझ्या फोनमध्ये त्याचा एक व्हिडिओ आहे. शेवटच्या शनिवारचा, मीच काढलेला. तो रायफल खांद्याला लावून उभा आहे, लांब मॅगझिन लावलेलं, श्वासाची वाफ दिसतेय. झाडायला लागतो, तडतड तडतड, आणि झाडता झाडताच तोंड किंचित माझ्याकडे करून काहीतरी बोलतो. एक पूर्ण वाक्य, ओठ दिसतात. मग हसतो. त्या वेळी माझ्या कानांवर आवाज अडवणारे मफ होते. नंतर मी ते काढले आणि विचारलं, काय म्हणालास रे? तो म्हणाला, “नथिंग, बाबा. घरी सांगतो.” घरी पोचल्यावर पाहुणे आले होते, आणि राहून गेलं. तो व्हिडिओ मी किती वेळा लावला असेल, तुम्हाला कल्पना येणार नाही. आवाज वाढवून, कमी करून, स्पीकरला लावून. मिल्टनच्या त्या मुलाने कॉम्प्युटरवर गोळ्यांचा आवाज वेगळा काढून बघितला. गोळ्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर पोराचा आवाजही गेला. सून म्हणते, ‘आईला पाठवा’ म्हणतोय. मला ओठांवरून वाटतं की आजोबा म्हणतोय, पुढचं लागत नाही. परवा पुन्हा लावला, आणि ते वाक्य जिथे बुडतं तिथे मला तुम्ही ऐकू आलात. एक वाजव. मग थांब. अण्णा, जुनं छोटं मॅगझिन असतं तर त्याला थांबावं लागलं असतं. मान खाली घालून, गोळ्या भरत भरत तो ते मला सांगितल्याशिवाय राहिला नसता. त्या काळ्या केळ्याने माझ्या पोराचं वाक्य गिळलं. मला त्याचा एवढा संताप आला, की मी तडक पोलिसांच्या नंबरवर फोन केला.

आज एक तरुण कॉन्स्टेबल बाई आली. बूट दारात काढू का म्हणून विचारलं. टेबलावर मॅगझिन उलटंपालटं करून बघताना थबकली. “सर, इज दॅट ब्लड?” सूनच पुढे झाली. “नो, नो. कुंकू. वी वर्शिप अवर टूल्स. माय सन पुट इट.” त्या मुलीने मान हलवली. तिचे आजोबा सस्काचेवानमध्ये शेती करायचे, पेरणीच्या आधी पाद्रीबाबांना बोलावून ट्रॅक्टरवर पाणी शिंपडून घ्यायचे म्हणाली. पुसून टाकू का, असं तिने विचारलं नाही. जपून पिशवीत ठेवलं, मला पावती दिली आणि सॉरी म्हणाली.

क्लबातल्या माणसांना मी काय सांगणार? म्हाताऱ्याला वाटेल मी घाबरलो, त्या हरणवाल्या बाईला वाटेल मी तिच्या बाजूचा आहे. मी कुणाच्याच बाजूचा नाही हो. मला फक्त त्याचं एक वाक्य ऐकायचं होतं. या खंडेनवमीला पाटावर जुनं छोटं मॅगझिन ठेवीन. तुम्ही असतात तर तुम्हाला हे सगळं ओरडून सांगावं लागलं असतं, डाव्या बाजूला बसलो तर दोनदा. कागदावर लिहिलंय तर पाठवायला पत्ता नाही. पान्यांच्या डब्यात तळाशी ठेवून देतो.

एक राहिलं. ती कॉन्स्टेबल बाई दारात बूट काढत होती आणि सून तिला आत बोलवायला गेली होती, तेवढ्या वेळात मी ते मॅगझिन कानाला लावून पाहिलं.