कादंबरीतला शिपाई

राजेश्वर, १२ डिसेंबर १९३६

सौ. अनसूयेस सप्रेम आशीर्वाद.

माझा ताप उतरलाय, काळजी नको. अप्पांचा खोकला कसा आहे?

इथले जुने शिपाई ग्यानबा महायुद्धात बसऱ्याच्या लढाईत स्वतः होते, म्हणून त्याच लढाईवरची माझी कादंबरी घेऊन इथं आलो. काल त्यांना शेवट वाचून दाखवला. माझा शिपाई मरतो तिथं ते म्हणाले, "मास्तर, कामून मारायलात त्याला? माझा सोबती राघोबा तिथंच ऱ्हायला. पुस्तकात तरी एकाला घरी येऊ द्या की."

मी ती पानं फाडली. आज शिपाई गावच्या वेशीत पोचला. ग्यानबा खुशीत ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "त्याच्या मायनं वळखलं का त्याला?"

ते मला लिहिता येईना. तू आई आहेस. कशावरून ओळखेल, तेवढं कळव.

तुझा,
अच्युत