मीरिमचे ठोकळे आणि माझं सूत्रसंचालन

३ मार्च
बालवाडीच्या बुरुलायबाईंनी आज सगळ्यांदेखत सांगितलं की तुमची मीरिम तुमच्यासमोर धड एक वाक्य बोलत नाही. आगाऊ बाई. अख्ख्या नारिन शहरात माझ्या सूत्रसंचालनाशिवाय लग्न लागत नाही, आणि माझीच मुलगी मुकी? वर प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा डबा हातात दिला. म्हणे तिला काहीतरी बांधू द्या, ती सांगेल ते लिहून घ्या, मग तिच्यासोबत वाचा. २१ तारखेला, नवरोजच्या सणाला, तिने पालकांसमोर आपलं बांधकाम सांगायचं. म्हणे शिक्षण.

५ मार्च
सुरुवात केली. शिरस्ता मेजवानीचाच: आधी थोरले बोलणार, शेवटी लहान. मी पहिला. पूर्वज, डोंगर, घोडे, सगळं घेतलं. मीरिमची पाळी येईपर्यंत ती ठोकळ्यांवरच झोपली. ऐकायची शिस्त उत्तम आहे.

९ मार्च
बायको म्हणाली, पोरीला बोलू द्या की जरा. म्हटलं, पाळी आली की बोलेल. मीरिमने बुरूज रचला आणि ‘हा ना...’ म्हणाली. अडली, म्हणून वाक्य मीच पुरं केलं. लिहूनही काढलं. फार सुंदर उतरलंय.

१४ मार्च
बाईंना ते वाचून दाखवलं. तोंड वाकडं करून म्हणाल्या, हे तुमचं झालं, तिचं कुठंय? वर म्हणे वर्गात ठोकळे मांडले की ती अखंड बडबडते, तुम्ही न्यायला आलात की गप्प. धादांत खोटं. माझ्यावर जळते मेली.

१८ मार्च
भाषण पाठ करून घेतोय. पोरगी ओठ घट्ट मिटून बसते. आईच्या वळणावर गेलीय. उद्यापासून मी कमी बोलणार.

१९ मार्च
आज जमलं नाही. समजावून सांगावं लागलं.

२१ मार्च, संध्याकाळ
माझं भाषण म्हटलंच नाही तिने. घर बांधलं आणि खणखणीत आवाजात सांगत सुटली. ही आई, चहा ओततेय. या बुरुलायबाई, पाहुण्या आल्यात. ही उंच भिंतींची खोली बाबांची. तिला दार नाही. बाबा आत बोलतायत, आम्ही बाहेर गरम तळलेले बोरसोक खातोय. खोलीवर स्वतःच्या हाताने ‘बाबा’ असं लिहून चिकटवलं होतं. लोक पोट धरून हसले. एवढ्या टाळ्या मला कधी पडल्या नाहीत.

घरी येताना विचारलं, दार का नाही ठेवलंस गं? ती थांबली. माझ्याकडे बघून तिने तोंड उघडलं. तेवढ्यात मीच सांगून टाकलं, की ठोकळे संपले असणार.