म्हाताऱ्याच्या ढिगाची खडी

इंदूर, १४ मार्च १९७३, संध्याकाळ

म्हणजे दादाच्या लेखी पुन्हा मीच भित्रा! त्याला सांगून काय उपयोग न्हाई. गावाकडं आमच्या माळावरचा म्हाताऱ्याचा ढीग त्यानं फोडायला घेतलाय. दुष्काळी कामावर खडी मोजून मजुरी देतात आणि ढिगात दगड आयते, म्हणून. तिथं कोण कवा पुरलाय, कुणाच्या आज्यालाही ठाऊक न्हाई. पण येताजाता एक दगड टाकायचा, उचलायचा कुणी न्हाई. गुरं वळताना मीही टाकलेत.

आज त्याचं पत्र आलं. "खाली हाडं निघाली गड्या, आन् एक काळं-तांबडं मडकं. तुझी वैनी त्यात कोंबड्यांना पाणी ठेवती. म्हातारा अजून काय बोलला न्हाई बग!"

चेष्टा सुचते त्याला. वहिनीला सातवा महिना आहे. आधीची दोन बाळं गेली. आणि ती रोज त्या मडक्याला हात लावणार.

खरं तर दिवाळीला मीच बोललो होतो, "दादा, दगडासाठी ओढ्यापर्यंत कशाला जातोस, ढिगात हायेत की." उगाच बोललो. एरवी माझं कवा ऐकत न्हाई, हे तेवढं ऐकलं.

गॅरेजात आज दोनदा पाना हातातून सुटला. ते मडकं डोळ्यांपुढनं हलत न्हाई.

हाडं कुठं टाकली? ते त्यानं लिहिलंच न्हाई.

आत्ताच लिहितो. मडकं, हाडं जागच्या जागी ठेव, वर दगड रच. खडी झाली असेल तर खडीच टाक. बुडालेली मजुरी माझ्याकडं. उद्या मनिऑर्डर करतो, पस्तीस रुपये.